बर्टन सरांचा रिचर्ड

पहिला दिवस : लंडन ते पोर्ट टॅलबट

पॅडिंग्टनहून गाडी दुपारची होती. हातात तीन तास होते, म्हणून मुलीला म्हटलं, आधी मला ओल्ड विक नाटकगृह दाखव. वॉटर्लू स्टेशनपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सकाळची वेळ, प्रयोग नव्हता. दारासमोरच्या फुटपाथवर उभी राहून मी इमारत पाहून घेतली. १९५३-५४च्या हंगामात इथे वेल्श नट रिचर्ड बर्टन हॅम्लेट करत होता. एका रात्री पहिल्या रांगेत विन्स्टन चर्चिल येऊन बसले आणि हॅम्लेटची वाक्यं त्याच्याबरोबर पुटपुटू लागले. बर्टनने वेग वाढवला, मग कमी केला, पण म्हातारा काही मागे पडेना. हा किस्सा बर्टन पुढे आयुष्यभर रंगवून सांगायचा. नट आणि प्रेक्षक एकाच संहितेला धरून धावताहेत, हे चित्र माझ्या मनात कित्येक वर्षं आहे. ते घडलं ती जागा पाहिली, बरं वाटलं.

मी सांगलीची. शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि दरवर्षी स्नेहसंमेलनाचं नाटक बसवलं. बर्टनचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो वडिलांबरोबर पाहिलेल्या ‘व्हेअर ईगल्स डेअर’मध्ये. तेव्हा इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण तो बोलायला लागला की थिएटर गप्प व्हायचं. खूप नंतर वाचनात आलं की बर्टन हे त्याचं जन्माचं आडनावच नव्हे. ते त्याच्या शाळामास्तरांचं. त्या दिवसापासून मला त्या नटापेक्षा त्या मास्तरांची ओढ जास्त लागली. २०२५ हे रिचर्डच्या जन्मशताब्दीचं वर्ष. निवृत्तीनंतर मुलीकडे आलेच होते, तेव्हा आत्ता नाही तर कधी, असं म्हणून आम्ही दोघी निघालो.

सेव्हर्न नदीखालचा बोगदा संपला की वेल्स सुरू होतं. स्टेशनांच्या पाट्या दोन भाषांत, वेल्श आधी. न्यूपोर्ट, कार्डिफ, ब्रिजेंड आणि मग डावीकडे समुद्र नि गाडीपासून समुद्रापर्यंत पसरलेला पोलादाचा कारखाना. तो टाटांचा आहे. २००७ साली टाटांनी कोरस ही पोलाद कंपनी विकत घेतली, तेव्हा तो त्यांच्याकडे आला. शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ला विझली. आता तिथे विजेची भट्टी उभी राहते आहे, पण तिला पूर्वीइतकी माणसं लागणार नाहीत. आम्ही उतरलो त्या घरातल्या मालकीणबाईंनी आम्ही भारतातल्या, आणि त्यातही महाराष्ट्रातल्या, हे कळल्यावर पहिला प्रश्न विचारला तो मुंबईच्या त्या ऑफिसाबद्दल, जिथे हे निर्णय होतात. त्यांच्या घरात तीन पिढ्या कारखान्यात होत्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. मला काही उत्तर सुचलं नाही.

दुसरा दिवस : पॉन्टरिडवेन

सकाळी बसने आवान नदीच्या खोऱ्यात वर गेलो. इंग्रजीत एक ‘एफ’ लिहिलेला असेल तर वेल्शमध्ये तो ‘व’ वाचायचा, हे मुलीने शिकवलं आणि मग पाट्या जरा आवाक्यात आल्या. रस्त्यावर मोठ्या अक्षरांत ‘आराव’ लिहिलेलं, म्हणजे सावकाश. दरी अरुंद, दोन्ही अंगांना हिरवे डोंगर, इतके हिरवे की खाली कोळशाच्या खाणी होत्या हे सांगूनही खरं वाटू नये. खाणी बंद झाल्या, झाडं वाढली.

पॉन्टरिडवेन म्हणजे नदीच्या उतारावरच्या पुलाचं गाव. इथे आवानला पेलेना नावाची नदी मिळते आणि गावावरून एक दगडी जलसेतू जातो. चार कमानींचा, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोखंडाच्या कारखान्याला पाणी नेण्यासाठी बांधलेला. गावकरी त्याला ‘अ बॉण्ट वाउर’, मोठा पूल, म्हणतात. त्याच्या पायाशी, अगदी कमानीच्या सावलीत, एक घर आहे. १० नोव्हेंबर १९२५ला तिथे रिचर्ड वॉल्टर जेंकिन्स जन्मला. तेरा भावंडांत बारावा.

घरात आता दुसरे लोक राहतात, तेव्हा आम्ही रस्त्यावरूनच पाहिलं. मी मान वर करून कमानीकडे बघत राहिले. एवढ्या उंच दगडाखाली जन्मलेल्या पोराने लहानपणी हाक मारली असेल तर ती कशी घुमून परत आली असेल, एवढंच डोक्यात येत होतं. मुलगी म्हणाली, आई, मारून बघ. शेजारच्या दारात एक बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या, त्यामुळे धीर झाला नाही.

वडिलांचंही नाव रिचर्डच, पण सगळे त्यांना डिक बाख म्हणायचे. ‘बाख’ म्हणजे छोटा, आणि लाडकाही. आपल्याकडे ‘बाळ्या’ म्हणतात तसं. खाणीत कोळशाच्या थरावर काम करणारा तरबेज माणूस, गोष्टी सांगण्यात पटाईत, आणि दारूपुढे हतबल. आई ईडिथ लग्नाआधी इथल्याच ‘मायनर्स आर्म्स’ नावाच्या पबमध्ये कामाला होती. तेराव्या बाळंतपणानंतर काही दिवसांतच, ऑक्टोबर १९२७च्या शेवटी, ती गेली. रिचर्ड दोन वर्षांचाही नव्हता. तान्ह्या ग्रॅहमला थोरल्या भावाने नेलं आणि रिचर्डला थोरली बहीण सेसिलिया, म्हणजे सिस, आपल्या संसारात घेऊन गेली. सिसचं स्वतःचं लग्न नुकतंच झालेलं.

आईच्या मागे बहिणीने आई व्हायचं, हे मला नवं नाही. आमच्याच वाड्यात अशी एक ताई होती. बर्टन मोठा झाल्यावर सिसबद्दल जे बोलला आहे त्यात कौतुकापेक्षा जास्त काहीतरी आहे. त्याच्या आयुष्यात इतक्या स्त्रिया आल्या, पण सगळ्यांची मोजपट्टी सिसच राहिली असावी, असं मला वाटतं.

दुपारी पावसाने गाठलं. परतीची बस चुकली आणि पुढचीला तासभर होता. बसथांब्याच्या आडोशाला एक आजोबा होते, डोक्यावर सपाट टोपी. आम्ही कुठून, कशासाठी, हे त्यांनी निवांत काढून घेतलं. मग सांगू लागले की या एवढ्याशा गावातून फक्त बर्टन नाही गेला, आयव्हर इमॅन्युएलही गेला. ‘झुलू’ सिनेमात युद्धापूर्वी वेल्श सैनिकांना गायला लावणारा तो गायक-नट. इथे प्रत्येक जण चॅपेलमध्ये गातच मोठा होतो, म्हणाले. आणि पाऊस थांबेपर्यंत मला ‘सोस्बान वाख’ हे गाणं शिकवायचा त्यांनी प्रयत्न केला. एक छोटं पातेलं चुलीवर उकळतंय, पाळण्यातलं मूल रडतंय, मांजरीने कुणाला तरी ओरबाडलंय, असं ते गाणं. रग्बीच्या सामन्यांना मैदान भरून हे गातात. मी विचारलं, डिक बाख, मग इथे वाख कसं? पातेलं स्त्रीलिंगी आहे ना, म्हणून ‘ब’चा ‘व’ होतो, म्हणाले. व्याकरण सांगताना माणसाचा चेहरा असा उजळलेला मी फार वर्षांनी पाहिला.

गाण्याच्या पहिल्या दोन ओळी लक्षात राहिल्या, तेवढ्याच.

तिसरा दिवस : टायबाख

या दिवसासाठीच मी आले होते.

टायबाख हा पोर्ट टॅलबटचाच भाग, कारखान्याला लागून. कराडॉग स्ट्रीट नाव ऐकलं आणि उगाच कराड जवळ असल्यासारखं वाटलं. एकाला एक चिकटलेली घरं, दारं सरळ रस्त्यावर. इथे सिसच्या घरी रिचर्ड वाढला. पॉन्टरिडवेनात घरीदारी वेल्श होती, इथे रस्त्यावर इंग्रजी. म्हणजे ज्या भाषेच्या उच्चारांनी पुढे जग जिंकलं, ती या मुलाने शिकून घेतलेली भाषा होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मातृभाषा आपण बोलतो, शिकलेली भाषा आपण ऐकून-ऐकून बोलतो. त्याच्या बोलण्यात प्रत्येक शब्द तोंडात घोळवून, वजन करून बाहेर सोडल्यासारखा येतो, त्याचं मूळ या गल्लीत असणार.

टायबाखचं वाचनालय त्याच्या आवडीचं ठिकाण होतं. पुस्तकांची भूक त्याला शेवटपर्यंत होती. नट नसता झाला तर लेखक किंवा प्राध्यापक व्हायला आवडलं असतं, असं तो म्हणायचा.

आणि मग १९४१. घरात पैशाची ओढाताण, पोरगा पंधरा वर्षांचा. शाळा सुटली. सहकारी भांडाराच्या कपड्यांच्या विभागात तो कामाला लागला. कापड मोजायचं, गिऱ्हाइकांना दाखवायचं, घड्या घालायच्या. त्या गावात खाणीत न जाता दुकानात नोकरी मिळणं म्हणजे नशीबच, पण त्याला तिथे एक दिवस रमता आलं नाही.

इथे मला माझी गोष्ट सांगायला हवी. माझा एक विद्यार्थी होता. नववीत त्याने आमच्या नाटकात आंधळ्या शाहिराचं काम केलं. माईक नसलेल्या त्या हॉलमध्ये त्याचं कुजबुजणंही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू यायचं. असा आवाज एकतीस वर्षांत मला एकदाच भेटला. दहावीनंतर वडिलांचं आजारपण निघालं आणि तो पेठेत कापडाच्या दुकानात लागला. मी एकदा त्याच्या घरी जाऊन आले. आईने चहा दिला. मी बोलले, त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा मी गेले नाही. आजही त्या दुकानात गेले की तो खुर्ची पुढे करतो, ‘बाई, बसा’ म्हणतो, आणि ते दोन शब्दसुद्धा दुकानभर भरतात.

टायबाखच्या पोरासाठी मात्र लोक दुसऱ्यांदा गेले, तिसऱ्यांदाही. मेरेडिथ जोन्स नावाचे एक शिक्षक होते, त्यांनी शिक्षण समितीकडे त्याची बाजू लावून धरली. एकदा शाळा सोडलेल्या मुलाला परत घ्यायची पद्धतच नव्हती, तरी १९४२च्या ऑक्टोबरात त्याला पुन्हा वर्गात बसवलं गेलं. आणि त्या वर्गात होते फिलिप बर्टन. इंग्रजीचे शिक्षक, नाटकवेडे, बीबीसी रेडिओसाठी लिहिणारे, अविवाहित. त्यांनी या मुलाला ताब्यात घेतलं. १९४३मध्ये रिचर्ड त्यांच्या बिऱ्हाडीच राहायला गेला. कसं बोलायचं, कसं चालायचं, टेबलावर कसं बसायचं, काय वाचायचं, सगळं नव्याने. दत्तकच घ्यायचं ठरलं, पण कायद्याने बापलेकांत एकवीस वर्षांचं अंतर हवं होतं. फिलिप यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९०४चा. वीस दिवस कमी पडले! मग डिसेंबर १९४३मध्ये ते त्याचे कायदेशीर पालक झाले आणि डिक बाख यांनी सही केली. जेंकिन्सचा बर्टन झाला.

त्या सहीचा मी पुष्कळ विचार केला आहे. बापाने काय दिलं आणि मास्तराने काय घेतलं? एका माणसाचा मुलगा दुसऱ्याच्या नावावर गेला, यात फक्त उपकार बघणं मला जमत नाही. फिलिप यांना स्वतः नट व्हायचं होतं, ते राहिलं होतं. ते त्यांनी या मुलातून पुरं करून घेतलं, असंही म्हणता येईल. पण मी स्वतः विंगेत उभं राहून मुलांबरोबर ओठ हलवले आहेत. त्या वेळी ते वाक्य कुणाचं असतं, माझं की त्या मुलाचं, हे मला कधी सांगता आलेलं नाही.

दुपारनंतर आम्ही मागच्या डोंगरावर चढलो. फिलिप सर त्याला अशाच डोंगरावर न्यायचे. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’मधलं सूत्रधाराचं भाषण म्हणायला लावायचे आणि स्वतः लांब-लांब जात राहायचे. अट एकच : ओरडायचं नाही. अंतर वाढलं तरी ऐकू आलं पाहिजे. म्हणजे घशावर ताण न देता श्वास पोटातून उचलायचा, व्यंजनं स्पष्ट टाकायची आणि स्वरांना जागा द्यायची. आपल्याकडचे जुने नटही विनामाईक हजार माणसांपुढे हेच करायचे. आवाज मोठा असून भागत नाही, त्याची फेक लागते. लोक बर्टनच्या आवाजाला दैवी देणगी म्हणतात, तेव्हा मला त्या डोंगरावर पावसावाऱ्यात मागे-मागे सरकत जाणारे ते मास्तर आठवतात.

वर वारा भयंकर होता. खाली कारखान्याच्या थंड भट्ट्या आणि पलीकडे राखाडी समुद्र. मुलगी चाळीस-पन्नास पावलं लांब जाऊन उभी राहिली आणि मी केशवसुतांची तुतारी म्हटली. पहिल्या कडव्यानंतर तिने हाताने ‘ऐकू येत नाही’ अशी खूण केली. पुन्हा म्हटली. तिसऱ्या वेळी तिने मान हलवली. तेवढ्यात घसा बसला होता, पण संध्याकाळपर्यंत मी खुशीत होते.

याच गावचा अँथनी हॉपकिन्स. मार्गममध्ये जन्मलेला, बेकरीवाल्याचा मुलगा. रिचर्ड सुट्टीला घरी आलाय हे कळल्यावर तो पोरगेल्या वयात सही मागायला गेला होता, आणि इथून बाहेर पडायचं तर असं काहीतरी व्हायला हवं हे त्याला तेव्हा वाटलं. पुढे मायकल शीनही इथेच वाढला. २०११च्या ईस्टरला त्याने गावातल्या लोकांना घेऊन तीन दिवसांचं नाटक अख्ख्या गावभर, समुद्रकिनाऱ्यापासून चौकांपर्यंत केलं. एका पोलादाच्या गावातून तीन नट. मला यात चमत्कार दिसत नाही. चॅपेल, वाचनालय, कामगारांचे क्लब आणि नाटक गांभीर्याने घेणारे शिक्षक हे सगळं एका मैलाच्या आत होतं.

चौथा दिवस : स्वान्झी

स्वान्झी विद्यापीठाच्या संग्रहात बर्टनच्या रोजनिश्या आहेत. त्याच्या शेवटच्या पत्नी सॅली यांनी दिलेल्या. आधी मेल करून वेळ घेतली होती. शाळकरी वयातली रोजनिशी १९३९ची, दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या वर्षाची. शाळा, खेळ, चॅपेल, वाचनालय, सिनेमा. दोन-दोन ओळींच्या नोंदी, जणू बाईंना दाखवायच्या असाव्यात. पुढच्या काळातल्या नोंदींत मात्र माणूस पानं-पानं बोलतो : काय वाचलं, किती प्यालो, बायको एलिझाबेथ टेलर आज कशी दिसली, स्वतःचा किती कंटाळा आला.

मधली वर्षं साऱ्या जगाला ठाऊक आहेत. एम्लिन विल्यम्स यांच्या नाटकात १९४३ला लिव्हरपूलमध्ये पहिली व्यावसायिक भूमिका. हवाई दलाच्या अभ्यासक्रमासाठी ऑक्सफर्डचे सहा महिने, तिथे ‘मेझर फॉर मेझर’मधला अँजेलो. १९५१ला स्ट्रॅटफर्डला ‘हेन्री द फोर्थ’मधला प्रिन्स हॅल, आणि तेव्हापासून सगळे त्याला इंग्रजी रंगभूमीचा वारस म्हणू लागले. मग हॉलिवूड. ‘द रोब’, ‘बेकेट’, ‘हू इज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ’. सात वेळा ऑस्करचं नामांकन, एकदाही बक्षीस नाही. आपल्याकडे भारतीय डॉक्टर झालेला बर्टनही आहे, १९५५च्या ‘द रेन्स ऑफ रांचीपूर’मध्ये, मला तो बघवला नाही. रोममध्ये ‘क्लिओपात्रा’, एलिझाबेथ टेलर, दोन लग्नं, दोन घटस्फोट, हिरे. त्यावर इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालणार नाही.

एक मात्र सांगते. त्याने पहिल्या बायकोला, सिबिलला सोडलं, तेव्हा फिलिप सरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. १९६४ला ब्रॉडवेवर तो पुन्हा हॅम्लेट करायला उभा राहिला, जॉन गिलगुड यांच्या दिग्दर्शनात, साध्या तालमीच्या कपड्यांत, १३७ प्रयोग. त्या सुमारास दोघांत पुन्हा बोलणं सुरू झालं, आणि त्यात एलिझाबेथचा पुढाकार होता.

संध्याकाळी वेल्श कवी डिलन थॉमस यांच्या घराचा चढ चढलो. थॉमस नोव्हेंबर १९५३मध्ये गेले, आणि २५ जानेवारी १९५४ला ‘अंडर मिल्क वुड’ हे त्यांचं नभोनाट्य बीबीसीवरून प्रसारित झालं. त्यात ‘पहिला आवाज’, म्हणजे निवेदक, बर्टन. रात्री खोलीत दिवा मालवून आम्ही दोघींनी ते ऐकलं. पडद्यावरचा बर्टन पुष्कळदा थकलेला, सही करून मोकळा झालेला वाटतो. इथे तो कुठेही घाई करत नाही. झोपलेल्या गावावरून खर्जातला हात फिरवावा, तसा तो बोलतो. सगळे सिनेमे एका बाजूला ठेवले तरी मी हे एक मागेन.

पाचवा दिवस

ब्रिस्टलहून विमानाने जिनिव्हा. दिवसभर प्रवास, दुसरं काही नाही.

सहावा दिवस : सेलिन्यी

जिनिव्हा सरोवराच्या काठचं छोटं गाव, द्राक्षांचे मळे, नीटनेटकी घरं. कराच्या भारातून सुटण्यासाठी बर्टन १९५७मध्ये इथे आला. घराला नाव दिलं ‘ल पेई द गाल’, म्हणजे फ्रेंचमध्ये वेल्स. भाषा परकी, अर्थ घरचा. याच घरी १९६८मध्ये त्याचा आणखी एक मोठा भाऊ, आयव्हर, पडला आणि मानेखाली लुळा झाला. खाणीत काम केलेला, रग्बी खेळणारा, रिचर्डला बापाच्या जागी असलेला आयव्हर. चार वर्षांनी तो गेला. त्यानंतर बर्टनच्या पिण्याला धरबंद राहिला नाही.

५ ऑगस्ट १९८४ला मेंदूत रक्तस्राव होऊन बर्टन गेला. अठ्ठावन्न वर्षांचा. इथल्या जुन्या दफनभूमीत त्याला पुरलं, वेल्सच्या लाल रंगाच्या कपड्यांत, डिलन थॉमस यांच्या कवितांचं पुस्तक सोबत ठेवून. भावाबहिणींनी कबरीपाशी ‘सोस्बान वाख’ म्हटलं.

दफनभूमी झाडांच्या सावलीत आहे, अगदी लहान. जवळून ओढा वाहतो. आमच्याखेरीज कुणी नव्हतं. साधा दगड, त्यावर नाव आणि दोन सालं. जेंकिन्स कुठेही नाही. फिलिप सर तेव्हा जिवंत होते, अमेरिकेत. ते त्याच्यानंतर साडेदहा वर्षं जगले. आपलं आडनाव कोरलेल्या या दगडाबद्दल त्यांना काय वाटलं असेल, याचा मी तिथे बसून बराच वेळ विचार केला.

मुलगी म्हणाली, आता इथे तरी म्हण. मी पॉन्टरिडवेनच्या आजोबांनी शिकवलेल्या दोन ओळी म्हटल्या. चाल थोडी चुकली. मग फोन काढला आणि त्याला, माझ्या विद्यार्थ्याला, दगडाचा फोटो पाठवला. दुकानाची गडबडीची वेळ होती, तरी पाच मिनिटांत उत्तर आलं : ‘बाई, हे कोण?’

मी ओढ्याकाठच्या कट्ट्यावर बसले आणि पॉन्टरिडवेनपासून टाइप करायला सुरुवात केली.